गाळाचा अर्ज

वहिनीला जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत एक गोष्ट सांगायची म्हणून मी कितीदा तरी कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर जाऊन बसलो, आणि पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. बायकोला सांगितली नाही. ज्याच्याशी तीस वर्षं पुस्तकांची देवघेव केली, त्या मित्रालाही नाही. तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे आता कळून चुकलंय — म्हणून लिहितो आहे. रोज थोडं लिहितो, थोडं खोडतो. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल.

पण आधी वहिनीबद्दल सांगू द्या. ही टाळाटाळ आहे का? थोडी असेल. पण ती कोण होती हे कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळायचं नाही.

आमचं गाव सानगडीच्या बाजाराला जायच्या वाटेवर लागतं. गावाला एक जुनं तळं आहे आणि सगळं गाव त्या तळ्याखाली धान लावतं. तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून पाण्यात दगडी बांधकाम आहे, त्याला आम्ही तुडुम म्हणतो. विहिरीच्या भिंतीसारखं ते उभं असतं आणि त्याला एकाखाली एक भोकं. प्रत्येक भोकात लाकडी बूच. शेतांना पाणी सोडायचं झालं की कुणीतरी पाण्यात बुडी मारून बूच ओढून काढायचं; पाण्याची पातळी उतरली की त्याच्या खालचं. हे काम करणारा माणूस म्हणजे पाणकर. आमच्या घरात ते काम आजोबांपासून होतं. आजोबांनंतर वडील, मग माझा मोठा भाऊ. मी मात्र शाळेत हुशार निघालो आणि पाण्यापासून सुटलो.

दादाला ऐन आषाढात पाळीवर साप चावला आणि तो गेला. मुलगी रंजना तेव्हा सात वर्षांची. त्याच वर्षी अश्विनात, लोंब्या भरायच्या दिवसांत, पावसाने दडी मारली. पाळीवर दहा-बारा पुरुष उभे राहून बुडी कोणी मारायची याची चर्चा करत होते. मीही होतो. हातात वर्तमानपत्र होतं, एवढं आठवतं. वहिनी डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकून आली, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरू लागली.

डोमाजी आमचा शेजारी, दादाच्या वयाचा. तो ओरडला, "कौतिका, बाई तुडुमात उतरली तं पाऊस रुसन!"

"रुसला तं मनवू," ती पाण्यातूनच म्हणाली. "तुमची बायको रुसते तवा मनवाले मलेच बोलावता ना, डोमाजीभाऊ?"

पाळीवर हशा पिकला आणि तोवर ती पाण्याखाली गेलीसुद्धा. आम्ही बघत राहिलो. वर आली तेव्हा हातात बूच होतं आणि पाळीच्या पलीकडे पाटात पाणी खळखळत होतं. पुढची अठरा वर्षं गावाचं पाणी तिनेच सोडलं.

ती पाणी कसं वाटायची, ते सांगण्यासारखं आहे. शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी. पाटाच्या टोकाला ज्यांची शेतं, त्यांना पहिलं पाणी, मग मागे मागे येत तळ्याजवळच्यांना. आमची बांधी अगदी तळ्याला लागून, म्हणजे आमचा नंबर सगळ्यांत शेवटी. एका वर्षी आमच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. मी तिला म्हटलं, वहिनी, आपल्यालाच कोरडं? ती म्हणाली, "भाऊजी, आपून तळ्याच्या पोटाशी झोपलेले. दूरच्याले उपाशी ठेवून आपून जेवाचं का?" मी पुस्तकांत पुष्कळ न्यायी राजे वाचले होते. असा न्याय रोज सकाळी फावडं घेऊन निघताना मी फक्त आमच्या घरात पाहिला.

आता मिलचं सांगतो.

नाल्याच्या वरच्या अंगाला राईस मिल सुरू झाली तेव्हा गावाने आनंदच केला. मिल उसन्या तांदळाची. म्हणजे धान आधी मोठ्या हौदात गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग भरडायचं. आमचंच धान तिथे जायचं. धान भिजवलेलं ते पाणी नाल्यात सोडत आणि नाला आमच्या तळ्यात येतो. कोऱ्या चहासारखं पिवळं पाणी, आंबलेल्या भातासारखा वास. पहिल्या वर्षी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तांदळाचं धुवण आपण गाईम्हशींना पाजतोच की, तळ्याला पाजलं तर काय बिघडलं? असं लोक हसत हसत म्हणत. मीही म्हणालो होतो. धानावर जगणाऱ्या माणसांना धानाच्या पाण्याची भीती कशी वाटावी?

दुसऱ्या वर्षी शिंगाड्याची वेल कुजली. बोटरी, मरळ असल्या मासळ्या पोटं वर करून काठाला लागल्या. पाळीखालच्या हापशाचं पाणी पिवळट झालं, ते पिणाऱ्या घरांतली लेकरं जुलाबांनी बेजार. आणि वहिनीच्या अंगाला खाज सुटली. बाकीच्यांचा त्या पाण्याशी संबंध गुडघ्यापर्यंत. हिला ते डोळ्यांत, नाकात, कानांत घ्यावं लागे. तिचे पाय सोलल्यासारखे झाले, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, डोळे लाल. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, पाण्यात उतरू नका. ती म्हणाली, "बरं. मंग तुडुम उघडाले तुमी येता का, डॉक्टरसायेब?" डॉक्टर हसले. चांगले होते ते. त्यांनी आणखी एक मलम दिलं.

तिने आरडाओरडा केला नाही. तिने काय केलं? — तिने दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. वरच्या रांगेत मिलचा धूर दिसल्याचा दिवस, खालच्या रांगेत नाल्याला पिवळं पाणी आल्याचा दिवस. वरची रेघ आली की दुसऱ्या दिवशी खालची येई. मिल बंद असली की दोन्ही रांगा रिकाम्या. तीन वर्षं. चौकट भरली तेव्हा भिंतीवर. मी ग्रंथपाल आहे. नोंदी ठेवणं हे माझं काम. इतकी चोख नोंद मी माझ्या नोकरीत एकदाही ठेवलेली नाही.

ग्रंथपाल — म्हणजे तालुक्याच्या एका कॉलेजात. कॉलेज एका शिक्षणसंस्थेचं, आणि त्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मिलचे मालक. आम्ही त्यांना शेठ म्हणत असू. अकरा वर्षं मी तिथे काम करत होतो आणि माझ्या पदाला कायम मान्यता मिळाली नव्हती. फाईल कुठेतरी होती.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शेठ मला कधीही वाकडा शब्द बोलले नाहीत. ग्रंथालयाला त्यांनी दोन कपाटं दिली. भेटले की विचारायचे, "काय सर, सध्या काय वाचून राहिले?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे. त्यांनी मला धमकावलं असतं, नुसतं सूचित जरी केलं असतं, तर आज लिहायला मला किती सोपं गेलं असतं. तसं काहीच झालं नाही. जे झालं ते सगळं माझ्या आत झालं.

धानकापणी आटोपल्यावरचे दिवस. दुपारी वहिनी आमच्या ओसरीवर आली. आमची घरं एकमेकांना लागून, मधे एकच भिंत. ती म्हणाली, "भाऊजी, अर्ज लिवा लागते. मी बोलतो, तुमी लिवा." मी कागद घेतला. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि बोलू लागली. ते बोलणं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे — का असणार नाही?

"साहेब, मी पान्यात उतरनारी बाई आहो. लोक पानी काठावरून पायतेत, मले ते डोक्यावरून घ्या लागते. मिल भट्टी पेटवते तवा दुसऱ्या दिवशी नाल्याले पिवळं पानी येते. तळ्यात ते काळं पडते. मिल बंद असली का येत नाई. मी तीन वरसं पाहून राहिली, माझ्या घरी याल तं रेघा दाखवीन. मिलनं धान भिजवावं, धान आमचंच हाय. पर त्याचं पानी त्यायनं त्यायच्या आवारात ठेवावं. मिल बंद करा म्हनत नाई. पानी बंद करा."

डोळे उघडून तिने विचारलं, "जास्त झालं का?"

मी म्हटलं, नाही. मी म्हटलं, हे थोडं अर्जाच्या भाषेत बसवावं लागेल, उद्या देतो. ती म्हणाली, हो हो, ते तुमचं काम.

आता मला थांबावंसं वाटतंय. इथपर्यंत मी बऱ्या माणसासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, त्यात 'मिल' हा शब्द आला आणि मी तो बघत राहिलो. मला ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना दिसलं. मग शेठच्या टेबलावर. मग त्यांनी अक्षर ओळखलेलं. माझं अक्षर संस्थेत सगळे ओळखतात; समारंभाचा फलक मीच लिहायचो. मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं — गावच्या तलावात वर्षानुवर्षे गाळ साचल्यामुळे पाणी दूषित होऊन दुर्गंधी येत आहे, ग्रामस्थांच्या आरोग्यास अपाय होत आहे, तरी तलावातील गाळ काढून मिळावा, ही नम्र विनंती. खाली अर्जदार म्हणून तिचं नाव. छान झालं होतं. एकही शब्द खोडलेला नव्हता. मिलचा उल्लेख नव्हता. मग तालुक्याला जाऊन त्याची साध्या टाइपात प्रत काढून आणली — म्हणजे अक्षरही माझं राहिलं नाही.

संध्याकाळी ती आली. म्हणाली, वाचून दाखवा.

आणि मी वाचून दाखवलं. तो कागद डोळ्यांसमोर धरून मी तिला तिचेच शब्द ऐकवले. मिल, पिवळं पाणी, तीन वर्षं, पाणी बंद करा. जिथे ती थांबली होती तिथे थांबत, नजर ओळीवरून फिरवत, दुसऱ्या ओळीशी मान किंचित खाली घेत. कागदावर एक, तोंडात दुसरं. इतक्या सफाईने खोटं मी आधी बोललो नव्हतो. कुठून आलं ते माझ्यात?

वहिनी खूश झाली. म्हणाली, "तुमी वाचता तवा माझं बोलनंही शहान्यासारखं वाटते."

मी कॉलेजातून आणलेली शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा टेकवला. ठसा उठला नाही. पाण्याने तिच्या अंगठ्याची कातडी अशी उललेली होती की रेघाच नव्हत्या. कागदावर नुसता निळा डाग. पुन्हा टेकवला, पुन्हा डाग. तिसऱ्यांदा मीच तिचा अंगठा धरून दाबला. तिचा अंगठा मी माझ्या हाताने दाबला — हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

अर्ज गेला. अशा अर्जांना उत्तर येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर मी होतो. पण या अर्जाला आलं. गाळ काढायची काहीतरी योजना चालू असावी. उन्हाळ्यात थेट जेसीबीच पाळीवर आला. वहिनी गोंधळली. "भाऊजी, मी तं गाळाचं बोललीच नोती ना?" मी म्हटलं, "सरकारी काम असंच असतं, वहिनी. एक मागितलं की दुसरं देतात." ती हसली. "असन बाप्पा. पानी सांगतलं, चिखल भेटला."

त्याच उन्हाळ्यात माझ्या पदाला मान्यता मिळाली. ती तशीही मिळाली असती का? मला माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.

पुढे जे झालं ते आमच्याकडच्या माणसांनाच सुचावं असं आहे. आमच्याकडे तळ्याचा गाळ म्हणजे शेतासाठी खतापेक्षा मोठा. आजोबांच्या वेळी लोक टोपल्यांनी वाहून न्यायचे. गाळ निघाला की कोणी मागेपुढे पाहत नाही. त्याला नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मीला नाही म्हणणं. काळाकुट्ट, लोण्यासारखा गाळ. वास येत होता, पण गाळाला वास असतोच. सगळ्या गावाने ट्रॅक्टर लावून तो आपापल्या बांध्यांत पसरला. टोकाच्या शेतकऱ्यांनी जास्तच नेला. मिलच्या पाण्याची पाच वर्षांची घाण तळ्याच्या तळाशी होती. ती माझ्या एका वाक्याने घराघराच्या शेतात गेली.

त्या वर्षी रोवणीनंतर पंधरा दिवसांत धान पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळ्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास. चिखलात वाकून रोवणाऱ्या बायांच्या पोटऱ्यांवर फोड आले. त्या फोडांनी चालता येईना. तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बांधीत उतरत, कारण रोवणी थांबत नाही.

गाव कुणावर चिडलं? अर्ज कोणाच्या नावाचा होता? डोमाजी वहिनीच्या दारात येऊन ओरडला, "तुले कोन सांगतलं होतं गाळ मांगाले? तळ्याचं पोट चिरलं आन् आमच्या पोटावर पाय देल्ला!" कोणीतरी तिला 'गाळवाली' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मी भिंतीच्या अलीकडे बसलो होतो. वहिनी त्याला म्हणाली, "डोमाजीभाऊ, बसा. तुमच्या सुनेच्या पायाले काही लावलं का?" आणि करंजाचं तेल घेऊन त्याच्याच घरी गेली. आठ-दहा दिवस ती घरोघर फिरून बायांच्या पायांना तेल लावत होती, स्वतःचे पाय तसे असताना. शिव्याही खात होती. गाळ कसा आला हे तिला कळत नव्हतं, पण नाव तिचं होतं म्हणून ती ते निस्तरत होती.

शेतकऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा चौकशीला एक साहेब आले. ग्रामपंचायतीत सगळा गाव जमला. साहेबांनी फाईल उघडली आणि म्हणाले, मुळात मागणी काय होती ते आधी पाहू. आणि त्यांनी तो अर्ज मोठ्याने वाचला.

चार ओळींचा तर अर्ज. मी खिडकीशी उभा होतो. वहिनी बायांच्या रांगेत पुढेच बसली होती. पहिली ओळ झाली तेव्हा तिने मान वर केली. दुसरीला ती साहेबांच्या ओठांकडे बघू लागली, जणू पुढच्या ओळीत तरी तिचं काही येईल. अर्ज संपला. साहेबांनी विचारलं, "हा अर्ज तुमचाच ना, बाई?"

तिची स्मरणशक्ती तुम्हाला सांगितली आहे? तीन वर्षांच्या रेघा तिला भिंतीशिवाय सांगता येत. मी तिला काय ऐकवलं होतं, हे तिला माझ्याइतकंच पाठ होतं. तिने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. एवढ्याशा मान वळवण्याने सगळं सांगून झालं असतं.

ती उभी राहिली. "अर्ज माझा हाय. अंगठा माझा हाय. पर कागदावर अर्धंच आलं, साहेब. बाकीचं आता तोंडानं सांगून राहिली, ते लिवा."

आणि तिने ते सगळं सांगितलं. पिवळं पाणी, भट्टी, रेघा. कोणी मधेच म्हणालं, आधी काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, "तवा जमलं नाई." मग तिने साहेबांना उठवलं, घरी नेऊन चौकट दाखवली, तिथून नाल्यावर नेलं. साहेब काठावरून पाहू लागले तशी म्हणाली, "काठावरून नाई दिसत, साहेब. जोडा काढा." त्यांनी जोडे काढले. पाच मिनिटं ते त्या पाण्यात उभे राहिले आणि बाहेर येऊन पाय खाजवत त्यांनी पंचनामा लिहिला. मी दूरवरून पाहत होतो. त्या दिवशीच्या वहिनीएवढं उंच झालेलं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

त्यानंतर मिलला आवारात टाक्या बांधाव्या लागल्या. पाणी पूर्ण थांबलं नाही; अजूनही एखाद्या हंगामात नाला पिवळा होतो. पण कमी झालं. दोन वर्षांनी बोटऱ्या दिसू लागल्या. आणि हे कोणी केलं हे गावाला नीट माहीत आहे.

त्या दिवशी मी घरी येऊन दार लोटून बसलो. ती आता येईल आणि विचारेल, अशी वाट बघत. ती आली. दारातूनच म्हणाली, "भाऊजी, भात थंडा होऊन राहिला." बायको माहेरी गेली होती, माझं जेवण तिच्याकडे होतं. मी जाऊन जेवलो. तिने वाढलं, वरण हवं का विचारलं. बाकी काही नाही — त्या दिवशी नाही, पुढच्या सहा वर्षांतही नाही.

पण मला वाचायला तिने पुन्हा एकही कागद दिला नाही. बँकेचं पत्र आलं, रंजनाच्या सासरहून चिठ्ठी आली, ती अंगणवाडीच्या ताईकडे जायची. काही महिन्यांनी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला: क ला काना का. पन्नाशी ओलांडलेली बाई पाटी घेऊन बसली होती. गावात एकच ग्रंथपाल, तो भिंतीच्या या बाजूला हातात पुस्तक धरून ऐकत होता. अडायची तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर यायचं. मी पान उलटायचो. कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

वर्षभराने, नाला पुन्हा पिवळा झाला तेव्हा, तिने स्वतः अर्ज लिहिला, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आपल्या बोलीत, आणि एसटीने भंडाऱ्याला नेऊन दिला. परत आल्यावर आमच्या ओसरीवर टेकली, पाणी मागितलं. म्हणाली, "भाऊजी, कारधाच्या पुलावरून वैनगंगा पायली. आपलं तळं तं लहानच. तिथं अख्खी नदी हिरवीकाळी होऊन राहिली. त्या काठच्या बाया कोनाले सांगत असतीन?" ती माझ्याशी बोलत होती. माझ्याशी! तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले.

तिच्या मरणाचं खापर मी त्या पाण्यावर फोडणार नाही. डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही, आणि एका खोट्यानंतर मला दुसरं जोडायचं नाही. फाल्गुनात ती महिनाभर आजारी होती आणि गेली. शेवटी तिच्या हातापायांवरची कातडी रंजना तेलाने हळूहळू पुसत असायची.

तेरवीला मांडवात सगळा गाव होता. डोमाजी बोलायला उभा राहिला. रडतच बोलला. म्हणाला, "कौतिकानं या गावाले पानी पाजलं. आता मानूस म्हनलं का चुकते. तो गाळाचा अर्ज तेवढा तिनं कराले नोता पायजे. पर आपून माफ केलं, नाई का?" लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी प्रेमाने म्हणालं, आमची गाळवाली. मागे कोणी हसलंही, ओल्या डोळ्यांनी. रंजना खाली मान घालून जमिनीकडे बघत होती.

मग कोणी म्हणालं, सर, तुम्ही दोन शब्द बोला.

मी उठलो. मी चांगलं बोलतो. बुडीचं सांगितलं, शेवटच्या बांधीचं सांगितलं, रेघांचं, साहेबांच्या जोड्यांचं, पाटीचं. जवळजवळ हेच सगळं, जे आज तुम्हाला सांगितलं. लोक रडले. रंजना मान वर करून माझ्याकडे बघू लागली, आणि मला दिसलं की ती आणखी कशाची तरी वाट बघते आहे. कदाचित तसं नसेलही. एक वाक्य उरलं होतं. मी हात जोडले आणि खाली बसलो.

हे कागद मी रंजनाला देणार आहे. तिने ते गावात वाचावेत की चुलीत घालावेत, ते तिचं. मी त्यात काही सांगणार नाही.

गाळाचा अर्ज तिच्या आईने केला नव्हता. तिच्या आईने गाळ हा शब्दही उच्चारला नव्हता. तो अर्ज मी लिहिला, तिला दुसरंच वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा धरून त्यावर दाबला.